ता. क. मध्ये लिहिलेली दहा मिनिटं

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ५३. दोन महिन्यांपासून डाव्या डोळ्याची खालची पापणी सारखी लवते. मग पोटऱ्यांमध्ये फडफड सुरू झाली, कातडीखाली किडा वळवळावा तशी. रात्री उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. इंटरनेटवर शोधलं आणि झोपच उडाली. जिथे बघावं तिथे मोटर न्यूरॉनचा आजार, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा. आता रोज रात्री चवड्यांवर उभी राहून बघते, पायातला जोर कमी झालाय का. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. दवाखान्यात जाऊन हसं करून घ्यायचं का? अशा तक्रारींसाठी डॉक्टरकडे नेमकं कधी जावं?
ता. क. सोमवारी बहिणीशी फोनवर बोलताना शब्दच सुचेनात. मी बोलत होते ते तिला कळेना, आणि उजव्या हातातून फोन निसटला. दहाएक मिनिटांत सगळं ठीक झालं. दमले होते त्या दिवशी, आणि तसाही त्या हाताला मुंग्यांचा त्रास आहेच. रक्तदाबाची गोळी चालू आहे, अधूनमधून राहते.

उत्तर:

ताई,

पत्र वाचून संपल्याबरोबर तुम्हाला उलट निरोप पाठवला होता: पापणी, पोटऱ्या सगळं बाजूला ठेवा, आजच्या आज पक्षाघातावर उपचार होतात अशा रुग्णालयात जा आणि तिथे ता. क. मधलं आधी सांगा. तुम्ही त्याच संध्याकाळी गेलात आणि तुम्हाला दाखल करून घेतलं, हे कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. उपचार तिथले डॉक्टर करतीलच. इथे सविस्तर लिहिते आहे ते तुमच्या मूळ प्रश्नासाठी, कारण ‘नेमकं कधी जावं’ हे विचारणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

तुमचं जवळजवळ सगळं पत्र पापणी, पोटऱ्या आणि मुंग्यांनी भरलं आहे. त्या दहा मिनिटांच्या वाट्याला शेवटच्या चार ओळी आल्या, त्याही सही करून झाल्यावर. यात तुमचा दोष नाही. माझ्यासमोर येऊन बसणारी बहुतेक माणसं असंच सांगतात. जे रोज छळतं ते मनात वाढत जातं. जे आलं आणि गेलं त्याबद्दल ‘सुटले एकदाची’ एवढंच वाटतं. पण मेंदू आणि मज्जातंतूंच्या तक्रारींत घाई कशाची करायची, हे त्रास किती दिवस टिकला यावरून ठरवू नये. आधी दोन गोष्टी बघायच्या. त्रास किती झटकन आला? आणि तो आला तेव्हा शरीराचं कुठलं काम बंद पडलं? पापणी दोन महिने लवली, पण डोळा मिटणं-उघडणं, दिसणं, काही अडलं नाही. त्या सोमवारी मात्र बोलणं बंद पडलं, हात बंद पडला, आणि तेही एका क्षणात.

तेव्हा आधी त्या सोमवारचंच बोलू.

बहुतेकांच्या बाबतीत भाषा सांभाळणारे भाग मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असतात. उजव्या हाताला हुकूम देणारा भागही डावीकडेच, त्यांच्या शेजारी. आणि या सगळ्यांना रक्त पुरवते ती एकाच धमनीची फांदोरी. म्हणून बोलणं आणि उजवा हात एकदम गेले असं कुणी सांगितलं की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर थेट ती धमनी उभी राहते. रक्ताची गुठळी तिथे येऊन अडकली, थोडा वेळ रक्त पोचलं नाही, मग गुठळी विरघळली किंवा पुढे सरकली आणि सगळं पूर्ववत झालं. याला टीआयए किंवा मिनी स्ट्रोक म्हणतात. बहुतेक टीआयए तासाभराच्या आत ओसरतात, पुष्कळसे दहा-पंधरा मिनिटांतच. आणि त्यात बहुधा काही दुखत नाही. छातीत कळ आली की माणूस धावत सुटतो. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला तर ओरडून सांगणारी वेदना नसते. दमणूक, ॲसिडिटी, झोप कमी झाली, अशा सबबी सहज पटतात त्या त्यामुळेच.

टीआयए आपोआप बरा होतो. पण गुठळी जिथून आली ती जागा तशीच असते. टीआयएनंतरच्या तीन महिन्यांत ज्यांना मोठा पक्षाघात होतो, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच झालेला असतो. तुमचे ते दोन दिवस सुखरूप गेले याचा मला मनापासून आनंद आहे, तरी तेवढ्यावर धोका संपत नाही. दुसरी बाजूही सांगते, कारण ती फार आशादायक आहे. २००७ साली ऑक्सफर्डच्या एक्सप्रेस अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टीआयए किंवा किरकोळ पक्षाघातानंतर तपासणी करून उपचार ताबडतोब सुरू केले, तेव्हा तीन महिन्यांत पुन्हा पक्षाघात येण्याचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं. यातली औषधं कुणी नव्याने शोधलेली नव्हती. आधीपासून वापरात होती तीच दिली, फक्त लवकर दिली.

तुमचा मेंदूचा स्कॅन झाला असेल. मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी किंवा अँजिओग्राफी होईल, कारण तिथे साचलेल्या थरातून गुठळ्या सुटतात, आणि धमनी फार अरुंद झाली असेल तर शस्त्रक्रियेचा खरा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत केली तर मिळतो. हृदयाचा आलेख काढतील, कदाचित ठोक्यांची नोंद ठेवणारं यंत्र एक-दोन दिवस किंवा त्याहूनही जास्त अंगावर बाळगायला सांगतील. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे ठोके अनियमित पडतात, तेही कधी कधी, आणि तेव्हा हृदयात गुठळ्या होतात. ते सापडलं तर रक्त पातळ करणारी गोळी वेगळ्या प्रकारची द्यावी लागते. साखर आणि कोलेस्टेरॉल बघतील. राहिला रक्तदाब. पक्षाघाताच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये त्याचा नंबर पहिला लागतो. ‘अधूनमधून राहते’ हे वाचताना माझ्या काळजात चर्र झालं, खरं सांगते. रक्तदाबाची गोळी चुकली त्या दिवशी काही जाणवत नाही, तरी धमन्यांवर त्याचा परिणाम होत असतो.

अशी दहा मिनिटं दुसऱ्या कारणांनीही येऊ शकतात, हेही सांगायला हवं. अर्धशिशीच्या काही रुग्णांना डोकं दुखण्याआधी नजरेसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, मग मुंग्या बोटांपासून कोपराकडे, तिथून ओठांकडे सरकत जातात. तिथे खूण असते ती हळूहळू पसरण्याची: पाच-दहा मिनिटं घेत लक्षण एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं. टीआयएत सगळं एकदम बंद होतं. मेंदूच्या एका कोपऱ्यात आलेली छोटी फिट किंवा रक्तातली साखर उतरणं, यांतही बोलणं अडखळतं. पण हा फरक ठरवायचं काम घरी बसून करायचं नाही, विशेषतः असं पहिल्यांदाच झालं असेल तर. आधी रुग्णालय, मग चर्चा.

आणि लक्षण ओसरायच्या आत कुणी जवळ असेल तर काय करायचं, तेही याच ओघात लिहिते. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर धरला तर खाली पडतो, बोलणं अडखळतं किंवा भलतंच येतं, यांतलं एक जरी दिसलं तरी रुग्णवाहिका बोलवायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या धमनीतली गुठळी तारेने ओढून काढण्याची सोय निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंत उपयोगी पडते, तरी तिथेही जितकं लवकर तितकं चांगलं. मोठी धमनी बंद पडते तेव्हा उपचार न मिळालेल्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला आणि तो आजही डॉक्टरांना शिकवला जातो. म्हणून घड्याळ बघा. ‘माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता’ ही वेळ डॉक्टरांना सर्वांत आधी लागते. झोपेतून उठतानाच लक्षण दिसलं तर रात्री झोपायला गेल्याची वेळ सांगायची. तोंडात पाणी, औषध, काहीही घालू नका, कारण गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात आणि घोट फुफ्फुसात जातो. ॲस्पिरिन आपल्या मनाने देऊ नका. धमनी तुंबलीय की फुटलीय हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि फुटली असेल तर ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. रक्तदाब चढलेला दिसला म्हणून घरातली जास्तीची गोळीही देऊ नका. आणि स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जायचं नाही.

आता तो उजवा हात. तुम्ही लिहिलंत, ‘तसाही त्या हाताला मुंग्यांचा त्रास आहेच.’ माझ्या मते तुमच्या पत्रातलं सर्वांत धोक्याचं वाक्य हेच आहे. हात एकच, पण त्याच्या तक्रारी दोन आहेत. जुनी तक्रार ओळखीची झाली की नवी तिच्या आड लपून जाते.

रात्रीच्या मुंग्यांचं वर्णन तुम्ही इतकं नेमकं केलं आहे की अर्धं निदान तिथेच होतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. करंगळीचा उल्लेख नाही. रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून एक अरुंद बोगदा जातो. बोटं वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि एक मज्जातंतू त्यातून दाटीवाटीने जातात. झोपेत मनगट दुमडलं की मज्जातंतू दाबला जातो. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मध्यम वयातल्या स्त्रियांमध्ये तो खूप दिसतो, थायरॉइड किंवा मधुमेह असेल तर आणखी. एक खूण घरी बघता येईल. अनामिकेला दोन्ही बाजूंनी हलकेच बोट लावून बघा. बऱ्याच जणींना तिची मधल्या बोटाकडची बाजू बधिर आणि करंगळीकडची बाजू अगदी व्यवस्थित लागते, कारण त्या एकाच बोटाच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळे मज्जातंतू पुरवठा करतात. मेंदूतल्या बिघाडाने बोट असं उभं अर्धं बधिर होत नाही. मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री बांधून झोपल्याने सहा-आठ आठवड्यांत बऱ्याच जणांना फरक पडतो. बधिरपणा दिवसाही राहू लागला, बटणं लावताना बोटं अडखळू लागली किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर मात्र पट्टीवर थांबू नका. मज्जातंतूचा वेग मोजणारी नर्व्ह कंडक्शन तपासणी करून घ्या. मनगटातला मज्जातंतू दबून बोलणं कधीच अडखळत नाही. त्या सोमवारचं खापर या मुंग्यांवर फोडता येणार नाही, ते एवढ्यासाठी.

पोटऱ्यांची फडफड आणि लवणारी पापणी यांनी तुमची झोप घेतली, म्हणून त्याबद्दलही स्पष्ट बोलते. निरोगी माणसांमध्येही स्नायू असे फडफडतात, पोटऱ्या आणि पापण्या तर हमखास. अपुरी झोप, कॅफीन, ताण, व्यायामाने आलेला थकवा, ही नेहमीची कारणं. मोटर न्यूरॉनचा आजार दुर्मीळ आहे. जिथे चांगल्या नोंदी ठेवल्या जातात तिथे तो वर्षाला लाखात एक-दोघांना होताना दिसतो. आणि तो बहुधा फडफडीने सुरू होत नाही, कामात आलेल्या अडचणीने सुरू होतो. किल्ली फिरत नाही, पाऊल फरफटतं आणि चपलेचं टोक अडकतं, बोलणं घोगरं-जड होतं, घोट नाकात येतो, हाताचा एखादा भाग वाळतो. अशी दुर्बलता आठवडा-दोन आठवडे टिकली तर डॉक्टरकडे जायलाच हवं, फडफड असो वा नसो. नुसती फडफड, आणि जिने चढणं, लिहिणं, गिळणं सगळं पूर्वीसारखं, यात काळजीचं कारण सहसा निघत नाही. तपासून घ्या, पण रात्र जागू नका. आणखी एक. रोज रात्री चवड्यांवर उभं राहून तुम्ही जी परीक्षा घेता, तिनेच पोटऱ्या थकतात आणि थकलेली पोटरी जास्त फडफडते. मग ती फडफड बघून दुसऱ्या रात्री आणखी जोर लावून परीक्षा. हे चक्र मी पुष्कळांमध्ये पाहिलं आहे, आणि त्यात माणूस किती एकटा पडतो तेही.

तुम्ही विचारलंत ते ‘कधी जावं’ आता मोकळेपणी सांगते.

काही वेळा एक तासही थांबायचं नसतं. पक्षाघाताची लक्षणं वर आलीच. तशीच एक डोकेदुखी असते, जी मिनिटभरात शिगेला पोचते, ‘आयुष्यात असं डोकं दुखलं नव्हतं’ असं माणूस सांगतो. मेंदूभोवती रक्तस्राव झालेला असू शकतो, आणि गोळी घेऊन उतार पडला तरी तपासणी टळत नाही. ताप, मान आखडणं आणि गुंगी एकत्र आली तर मेंदूज्वराचा विचार करावा लागतो. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एका पाठोपाठ दुसरी आली, तर रुग्णवाहिका. तोवर माणसाला कुशीवर वळवून ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आयुष्यातली पहिली फिट असेल तर ती आपोआप थांबली तरी त्याच दिवशी दाखवायचं. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, पडदा ओढल्यासारखं, आणि परत दिसू लागलं, तर तोही टीआयएच असू शकतो. वयस्क माणूस एका दिवसात असंबद्ध बोलू लागला तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. स्मृतिभ्रंश इतक्या झपाट्याने येत नाही. संसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला काही आठवड्यांपूर्वी डोक्याला लागलेला साधा मार, यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकतं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी वेळेत बऱ्या होतात.

दोन आजारांबद्दल जरा थांबून सांगते, कारण ते लोकांना माहीत नसतात. पहिला कंबरेचा. कंबरदुखी अनेकांना असते. पण कंबरदुखीसोबत जांघेत आणि बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा झालेली कळेनाशी झाली, दोन्ही पाय लटपटू लागले, तर मणक्याच्या तळाशी असलेला मज्जातंतूंचा जुडगा दबला आहे असं धरून तातडीने जायचं. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लाजेपोटी माणसं डॉक्टरसमोरही फक्त कंबर सांगतात, बाकीचं गिळून टाकतात. कृपा करून गिळू नका. दुसरा गिलन-बॅरे. जुलाब किंवा तापासारख्या आजारातून बरं झाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी पायांत मुंग्या सुरू होतात आणि अशक्तपणा दिवसागणिक वर चढतो: काल जिना जड गेला, आज खुर्चीतून उठवत नाही. इथे त्रास झटकन आलेला नसतो, पण तो रोज वाढत असतो, आणि अशक्तपणा छातीपर्यंत पोचला तर श्वास अडतो. आजची स्थिती कालच्यापेक्षा स्पष्ट वाईट असेल, तर उद्याची वाट बघू नका.

काही तक्रारींना एक-दोन दिवसांची मुदत असते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, कानशील दाबलं की दुखतं, चावताना जबडा दुखून येतो: यात कानशिलाच्या धमनीला सूज असू शकते आणि उपचाराविना दृष्टी जाऊ शकते. नजरच अंधुक होऊ लागली, तर ही दोन दिवसांची मुदतही संपली असं समजा. एका डोळ्याने रंग फिके दिसतात आणि डोळा फिरवताना दुखतो, हेही याच गटात. चेहऱ्याची एक बाजू, कपाळासकट, लुळी पडली तर तो बहुधा बेल्स पाल्सी असतो, त्याची स्टिरॉइडची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू केली तर गुण चांगला येतो. पण तो बेल्स पाल्सीच आहे आणि पक्षाघात नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या आणि लगेच जा.

बाकीच्यांना घाईची गरज नाही, पण टाळूही नये. दोन्ही पायांच्या तळव्यांना बरेच आठवडे बधिरपणा असेल तर साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासा. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी झालेलं सापडतं. हात स्वस्थ ठेवला असताना एकाच बाजूला थरथर, अक्षर बारीक होत जाणं, वास न येणं. संध्याकाळी पापण्या जड होऊन एकाचे दोन दिसणं. या तक्रारीही याच गटातल्या. यांतल्या शेवटच्या तक्रारीत मात्र गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास वाटू लागला तर मुदत संपली असं समजा. बिछान्यात कूस बदलताना काही सेकंद गरगरणं हा बहुतेक वेळा कानातला दोष असतो आणि डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून दवाखान्यात काही मिनिटांत बरा करता येतो. गरगरण्यासोबत चालताच येत नसेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा बोलणं जड झालं असेल, तर मात्र रुग्णवाहिका.

‘मनाचे खेळ’ याबद्दल. भीतीने श्वास जलद झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि ओठांभोवती, दोन्ही हातांना मुंग्या येतात. हे खरोखर घडतं. कधी कधी मज्जासंस्थेची रचना शाबूत असते आणि तिचं काम मात्र बिघडतं. त्यालाही निदान आहे, उपचार आहेत, आणि तोही त्रास खराच असतो. पण तपासणीतल्या खुणा बघून ते डॉक्टरांनी म्हणायचं असतं. घरच्यांना मी दोष देत नाही, धीर द्यावा म्हणूनच ते बोलतात. पण न तपासता दिलेला हा धीर कधी कधी जिवावर बेततो. आणि समजा उद्या निघालीच नुसती चिंता, तरी ज्या चिंतेने दोन महिने झोप घेतली ती स्वतःच डॉक्टरकडे जायला पुरेसं कारण आहे.

हसतील का? चांगला डॉक्टर हसत नाही. कुणी हसलाच, तर दुसरा डॉक्टर गाठायचा. मात्र तुम्ही सांगता कसं, यावर बरंच अवलंबून असतं. वेळ थोडा असतो, म्हणून ज्याची भीती जास्त वाटते त्याच्याआधी जे अचानक घडलं ते सांगा. ‘सोमवारी संध्याकाळी बोलणं अचानक बंद पडलं, उजव्या हातातून वस्तू पडली, दहा मिनिटांनी बरं वाटलं’ एवढं पहिलं वाक्य पुरे. बहिणीला काय ऐकू आलं ते तिच्याच शब्दांत लिहून न्या, जमल्यास तिला सोबत न्या: बोलणं तोतरं झालं होतं, की शब्द नीट उच्चारले जात होते पण भलतेच येत होते? यावरून मेंदूचा भाग ओळखता येतो. थरथर, फिट, डोळ्याचं लवणं अशा गोष्टी दवाखान्यात गेल्यावर नेमक्या थांबतात, म्हणून मोबाइलवर चित्रण करून ठेवा. चालू गोळ्यांची यादी न्या, आणि राहिलेल्या गोळ्यांबद्दलही खरं सांगा. रागावतील म्हणून लपवलंत तर औषध लागू पडत नाही असं समजून डोस वाढवला जातो.

एमआरआयचा हट्ट धरू नका आणि त्याच्यावर सगळी भिस्तही ठेवू नका. मेंदूचा एमआरआय मनगटातला मज्जातंतू दाखवत नाही, तळव्यांचा बधिरपणा दाखवत नाही. बोटाने नाकाला शिवायला लावणं, सरळ रेषेत चालवणं, गुडघ्यावर हातोडी मारणं, तळपाय किल्लीने खरवडणं, घोट्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवून कंप जाणवतो का विचारणं: दिसायला साधी अशी ही तपासणी बिघाड मेंदूत आहे, मज्जारज्जूत की मज्जातंतूत हे सांगून जाते. मगच कुठला स्कॅन, हे ठरतं. तुमच्या पोटऱ्यांची शंका याच तपासणीत फिटेल. स्नायूंचा जोर आणि गुडघ्याचा झटका नीट आहे असं ऐकलंत की चवड्यांवरची परीक्षा त्या रात्रीपासून बंद करा.

सुट्टी मिळताना डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून घ्या. गाडी चालवायला परत कधी हरकत नाही? आणि यापुढे कुठलं लक्षण दिसलं तर मी भेटीच्या तारखेची वाट न बघता थेट आकस्मिक विभागात यायचं? दुसऱ्याचं उत्तर त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद घरातल्या प्रत्येकाला वाचायला द्या.